तीन मायक्रॉन आणि कोल्हापूरचे पाच दिवस

दिवस पहिला : गुरुवार, २९ जानेवारी

रत्नागिरीहून सकाळची एसटी धरली. पिशवीत कपड्यांच्या घडीत एक बंद प्लॅस्टिकची डबी होती आणि डबीत एक काचपट्टी. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली. १९९८ साली शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा थर चढवला होता. पिकल्या लिंबासारखा पिवळा. इतक्या वर्षांत तो ना उडाला, ना काळवंडला.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दिवाळीनंतर बारावीला सौरघट शिकवत होते, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही पॅनेलं आपण बनवतो की नुसती जोडतो?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. ती वहीत लिहून घेऊन खाली बसली, पण मला ते उत्तर रात्रीपर्यंत टोचत राहिलं. रजा शिल्लक होती. कोल्हापुरात आतेभाऊ आहे, मी त्याला दादा म्हणते, त्याचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. माझी एम.एस्सी.ची मैत्रीण अजून प्रयोगशाळेतच काम करते. पाच दिवस काढले आणि निघाले.

हातखंबा, पाली, साखरपा. मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या कामामुळे गाडी जागोजागी खोळंबत होती. आंबा घाट चढला की हवा कोरडी होते आणि बोलणंही बदलतं. मलकापूरला चढलेल्या मावशी "सरका की वाईच" म्हणाल्या आणि मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. बांबवड्याच्या पुढं उसानं भरलेल्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं आमची गाडी, आणि मधेच एखाद्या गुऱ्हाळाचा गोड धूर.

दुपारी मंगळवार पेठेत पोचले. "आलीस व्हय? बस, मी चहा टाकतो," वहिनी आतूनच म्हणाल्या. रत्नागिरीत राहून राहून बाईच्या तोंडचं हे 'टाकतो' ऐकायची सवय मोडली होती. संध्याकाळी त्यांनी डबी दिव्यासमोर धरून पाहिली. "हळदीचं पाणी सांडून वाळल्यागत दिसतंय," म्हणाल्या. यापेक्षा नेमकं वर्णन मला आजवर सुचलेलं नाही.

दिवस दुसरा : शुक्रवार, ३० जानेवारी

सकाळी विद्यापीठात. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला नमस्कार करून भौतिकशास्त्र विभागाकडे चालत गेले. वाटेत मोर दिसले, पूर्वीसारखेच निर्धास्त.

बाहेरच्या पुष्कळ लोकांना हे माहीत नसतं, पण पातळ थरांच्या संशोधनात १९६२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ जगभर ओळखलं जातं. प्रा. सी. डी. लोखंडे यांचं रासायनिक द्रावणातून थर वाढवण्याचं काम असो की प्रा. पी. एस. पाटील यांचं फवारा-पद्धतीवरचं, परदेशातले संशोधक त्याचे संदर्भ देतात. असे थर चढवायची निर्वात पोकळीची यंत्रं महाग. आम्हाला हाताशी होतं ते बीकर, थर्मामीटर आणि पाण्याची तापती टाकी. तेवढ्यावर इथं किती पिढ्या घडल्या.

मैत्रिणीनं माझ्यासाठी मुद्दाम जुनाच प्रयोग लावला होता. कॅडमियमचा क्षार, अमोनिया, थायोयुरिया. हातमोजे, धूर ओढून घेणारं कपाट, उरलेल्या द्रावणासाठी वेगळी झाकणाची बरणी. कॅडमियम विषारी आहे आणि ते मोरीत ओतायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. सत्तर अंशांच्या आसपास द्रावण आधी पाण्यासारखं असतं. मग कडेनं किंचित पिवळसर झाक येते. मग बघता बघता सगळं बीकर पिवळं होतं आणि उभी ठेवलेली काच बाहेर काढली की तिच्यावर रंग बसलेला असतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आजही पोटात तसंच हललं.

हा पिवळा थर म्हणजे सौरघटाचा एक भाग. पातळ थराच्या मोठ्या पॅनेलांत आज सर्वांत जास्त चालतं ते कॅडमियम टेल्युराइड. त्याची रचना अशी: पुढं काच, तिच्यावर वीज वाहून नेणारा पारदर्शक ऑक्साइडचा थर, त्याच्यामागं एक खिडकीसारखा थर (पूर्वी हाच आमचा कॅडमियम सल्फाइड), मग खरा प्रकाश पिणारा कॅडमियम टेल्युराइडचा थर, शेवटी धातूचा संपर्क आणि मागची काच. प्रकाश पिणारा थर साधारण तीन मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सिलिकॉनच्या पॅनेलात जी चकती असते ती दीडशे मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे पन्नासपट फरक. याचं कारण पदार्थाच्या स्वभावात आहे. सिलिकॉन प्रकाश सावकाश शोषतं, त्याला जाडी लागते. कॅडमियम टेल्युराइड सरळ गिळून टाकतं.

दुपारी डबा खाताना जुन्या गोष्टी निघाल्या. तेव्हा मैत्रीण थर चढवायची ते आळीपाळीनं बुडवून. पहिल्या बीकरमध्ये काच बुडवायची, मग शुद्ध पाण्यात, मग दुसऱ्या द्रावणात, परत पाण्यात. एक फेरा झाला की जेमतेम अणूंचा एखादा पापुद्रा बसतो. असे दोनशे फेरे, हातानं, घड्याळ बघत. संध्याकाळी तिला पेन धरता यायचं नाही. याच पद्धतीवर आज माझ्या कॉलेजातली मुलं कॅडमियम टाळून तांब्याच्या ऑक्साइडचे थर करतात, आणि तीही हातानंच बुडवतात.

आणि तो पंप. आमच्या वेळी लॅबमधल्या एकमेव निर्वात पंपाचा एक सुटा भाग गेला होता. पुरवठादारानं तो परदेशातून मागवायचं कबूल केलं आणि सात महिने काही आलं नाही. शेवटी दादाच्या वडिलांनी, माझ्या आतोबांनी, मोडका तुकडा हातात फिरवून बघितला आणि चौथ्या दिवशी लेथवर तसाच दुसरा करून दिला. पंप चालला. माझा प्रकल्प त्या तुकड्यानं पुरा झाला.

"आपण थर करायला शिकलो," मैत्रीण डबा बंद करत म्हणाली, "थराचं यंत्र करायला कुणी शिकवलं नाही."

दिवस तिसरा : शनिवार, ३१ जानेवारी

उद्यमनगरात सकाळी नऊला आवाज सुरू होतो आणि तो अंगात भिनतो. दादाच्या शॉपमध्ये तीन लेथ, एक मिलिंग, एक जुनं बोअरिंग मशीन. पंपाचे शाफ्ट, व्हॉल्व्हचे भाग. कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी तुकडे, शिरोलीहून येतं, इथं त्याचं मशीनिंग होतं. चहा आल्यावर मी डबी काढली.

"थर किती हाय ह्यो?"

"हा मायक्रॉनच्याही आतला. कारखान्यात चढवतात तो तीन मायक्रॉन."

दादानं मायक्रोमीटर उचललं. त्याच्या हातातल्या साध्या मायक्रोमीटरवर सर्वांत लहान रेघ दहा मायक्रॉनची. "तीन मायक्रॉन आमच्या फिनिशिंगमधीच जातंय," म्हणाला. मग थोडा वेळ गप्प. "आणि केवढ्या काचंवर?"

खरी गोष्ट इथं सुरू होते, म्हणून त्याला सगळं सांगत बसले. फर्स्ट सोलर या अमेरिकी कंपनीनं तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ पिल्लैपाक्कम इथं कारखाना उभा केला. जानेवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. वर्षाची क्षमता ३.३ गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे शंभर कोटी वॉट), गुंतवणूक सुमारे ७० कोटी डॉलर. पाण्यासाठी चेन्नईचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात. एका टोकानं काच आत जाते आणि साडेचार तासांच्या आसपास दुसऱ्या टोकानं तयार पॅनेल बाहेर पडतं, सगळं एका छताखाली. सुमारे ६०० अंशांना तापलेली काच चालत राहते आणि तिच्यावर कॅडमियम टेल्युराइडची वाफ बसत जाते. मग कॅडमियम क्लोराइड लावून पुन्हा भाजणं. याशिवाय त्या थराचे कण नीट वाढत नाहीत आणि घट दुबळा राहतो. मग लेझरनं बारीक चरे पाडून एकाच काचेवर शेकडो घट एकमेकांना जोडायचे. मागची काच, सीलबंद, चाचणी.

काच साधारण २.३ मीटर बाय १.२ मीटर. म्हणजे दरवाजापेक्षा मोठी. तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत थर एकसारखा यायला हवा. बीकरमध्ये माझ्या पट्टीच्या कडेला थर जाड व्हायचा, मधे पातळ, आणि आम्ही मधला चांगला तुकडा मोजून शोधनिबंध लिहायचो. कारखान्याला मधला तुकडा निवडता येत नाही.

मी पाटीवर खडूनं हिशेब मांडला. एक पॅनेल ५४० वॉटचं धरलं तर ३.३ गिगावॉटला वर्षाला साधारण ६१ लाख पॅनेलं. मिनिटाला अकरा-बारा. क्षेत्रफळ १७ चौरस किलोमीटर. कोल्हापूर महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे दर वर्षी शहराच्या पाव भागावर, रंकाळा धरून, तीन मायक्रॉनची साय. दादानं आकड्यांकडे बघितलं आणि मी ज्याच्यासाठी आले होते तो प्रश्न त्यानंच विचारला.

"पॅनेल हितं हुतंय म्हणतीस. मग ती वाफंची भट्टी कुणी केली?"

वर्गातल्या मुलीचा प्रश्न एक पायरी खाली गेला होता. पॅनेल देशात बनणं ही मोठी गोष्ट आहे, मी तिचं मोल कमी करत नाही. पण भट्टी, निर्वात कोठी, काच हलवणारे रुळ, लेझरची बैठक हे सगळं कंपनीनं स्वतःच्या घरात अनेक वर्षं घासून घासून तयार केलेलं ज्ञान आहे. ते कुठल्याही निबंधात छापलेलं नाही. निबंध आम्ही कोल्हापुरात पुष्कळ लिहिले. यंत्रं कोल्हापुरात पुष्कळ बनली. विद्यापीठ आणि उद्यमनगर यांच्यात रिक्षाचं दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे, आणि त्या तुटक्या पंपाच्या तुकड्याखेरीज त्या रस्त्यानं फारसं काही गेलेलं मी पाहिलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

दुपारी दादाच्या ओळखीनं शिरोलीतली एक फौंड्री बघितली. हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा घाणा, निघत होती. लोखंडाचा रस लॅडलमध्ये ओतताना तोंडावर झळ येते, सुमारे १४५० अंशांची. मालकांना सांगितलं, सिलिकॉन वितळायलाही १४१४ अंश लागतात. त्यातून मोठा स्फटिक ओढायचा, चकत्या कापायच्या, घट करायचे, मग जोडायचे. हे टप्पे बहुतेक वेळा वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या देशांत होतात. जोडणीत आपण खूप पुढं गेलो, पण चकत्या अजून बऱ्याचशा बाहेरून येतात. ते म्हणाले, "फेरोसिलिकॉन आम्ही रोज टाकतो रसात, पण सिलिकॉनचा असा प्रवास आज ऐकला." टनभर लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टीला सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणून विजेचा दर हा फौंड्रीचा श्वास आहे. त्यांनी लांबच्या एका मोठ्या सौर प्रकल्पातून वीज घ्यायचा करार केलाय.

"मग छपरावर तुमची पातळवाली बसवू का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. दोन काचांची असल्यामुळं ती जड असतात, आणि चांगल्या सिलिकॉनपेक्षा तेवढ्याच जागेत थोडी कमी वीज देतात. छपरावर जागा मोजकी. या पॅनेलांचं घर म्हणजे मोकळं माळरान, जिथं एकरांनी जागा आहे आणि ऊन रणरणतं. पॅनेल तापलं की वीज घटते. जुन्या सिलिकॉनमध्ये दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास, कॅडमियम टेल्युराइडमध्ये ०.३ च्या आसपास. पॅनेलाची वीज मोजतात ती २५ अंशांना, तिथून काच ६५ अंशांना गेली तर पहिल्याची सोळा टक्के गेली, दुसऱ्याची बारा. नव्या सिलिकॉननं हे अंतर बरंच भरून काढलंय, हेही त्यांना सांगितलं.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "किरणोत्सव हाय, चल." वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी, मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून गाभाऱ्यात अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुख. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी सूर्य किती बारकाईनं पाहिला असेल. गर्दीत मला गरुड मंडपातून सरकणारी तेवढी लाल पट्टी दिसली, आणि मी हात जोडले.

परतताना गुजरीतून आलो. सोनारांची दुकानं बघत मनात हिशेब चालूच होता. तीन मायक्रॉनचा थर, पावणेतीन चौरस मीटरची काच. एका पॅनेलात टेल्युरियम येतं पंचवीस-सव्वीस ग्रॅम. म्हणजे अडीच तोळे! वहिनींना सांगितलं तर त्या थांबल्याच. "एका काचंत अडीच तोळं?" ते सोन्यासारखं दिसत नाही, पण मिळणं जवळपास तितकंच अवघड. टेल्युरियमसाठी म्हणून सहसा कुणी खाण खोदत नाही. तांबं शुद्ध करताना तळाशी जो गाळ साचतो त्यातून ते निघतं. साऱ्या जगात वर्षाला हजार टनांच्या आत. माझ्या हिशेबानं तो एक कारखाना चालवायलाच दीडशे टनांवर लागेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीननं टेल्युरियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. आपल्याकडे तुतिकोरिनचा मोठा तांबे-कारखाना २०१८ पासून बंद आहे. गुजरातेत दहेजला तांबं शुद्ध होतं. त्या गाळातला कण न् कण वेचला पाहिजे. जुनी पॅनेलं फोडून त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक माल परत मिळवता येतो, ते कामही इथंच व्हायला हवं. कॅडमियम पुन्हा मातीत जाऊ द्यायचं नसेल तर दुसरा रस्ता नाही.

दिवस चौथा : रविवार, १ फेब्रुवारी

वहिनींच्या माहेरी, शिरोळ तालुक्यात. जयसिंगपुरात भडंग घेतलं. वहिनींचे भाऊ आम्हाला बांधावर घेऊन गेले.

"मामा, पाणी कधी पाजता?" मी वहिनींच्या मुलांसारखंच त्यांना मामा म्हणते.

"पैलं रातीचंच. बाराला लाईट यायची, बॅटरी घ्यायची आणि निघायचं. उसात पायाखाली काय हाय दिसत न्हाई. आता या फीडरला दिवसा येती. एवढं एक सुख झालं बघा."

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. गावाजवळच्या सबस्टेशनला काही मेगावॉटचा सौर प्रकल्प जोडायचा आणि शेतीचा फीडर, म्हणजे शेतपंपांना वीज नेणारी वाहिनी, दिवसा चालवायचा. याच तालुक्यात कोंडिग्रे इथला ३ मेगावॉटचा प्रकल्प ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. मामांनी दाखवला तो दुसऱ्या गावचा. क्षारपड जमीन. अतिपाण्यानं वर मीठ फुटलेलं, उन्हात पांढरं चमकणारं, आणि त्याच्यावर निळ्या-काळ्या काचांच्या रांगा. जिथं ऊस येत नाही तिथं मालकाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं. शिरोळच्या शेतकऱ्यानं मिठाच्या जमिनीपायी काय सोसलंय हे माहीत असल्यामुळं मी तिथं कितीतरी वेळ उभी राहिले.

कुंपणापाशी राखणीला असलेल्या पोरानं पॅनेल दाखवलं. सिलिकॉनचं. मागच्या चिठ्ठीवर भारतात तयार झाल्याचं लिहिलेलं. आतले घट कुठले, हे त्या चिठ्ठीवरून कळत नव्हतं.

घट कुठले, हा मुद्दा आपल्याकडे पूर्वी एकदा चुकलाय. २०१० च्या राष्ट्रीय सौर मोहिमेत पहिल्या टप्प्यात देशी मालाची अट होती, पण ती स्फटिक सिलिकॉनला. पातळ थराला नव्हती. झालं असं की पुष्कळ प्रकल्पांनी परदेशी पातळ थराची पॅनेलं आणली. इथले कारखाने उभे राहायला जो आधार हवा होता तो त्या फटीतून निघून गेला. पुढं ती अटही जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेनं आव्हानात नेली आणि २०१६ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध लागला. नंतर एप्रिल २०२२ मध्ये आयात पॅनेलांवर ४० टक्के आणि घटांवर २५ टक्के सीमाशुल्क लागलं, मग उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन, मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी, आणि जून २०२६ पासून घटांसाठीही तशीच यादी. हे सगळं योग्य दिशेनं चाललंय असं मला वाटतं. फक्त यादीत पुढचं पान यंत्रांचं असावं.

जेवण करून नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो. घाटावर कृष्णा शांत होती.

दिवस पाचवा : सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी निघण्याआधी पाच मिनिटं म्हणून दादाच्या शॉपवर गेले आणि तास मोडला. मी त्याला ते बुडवण्याचं काम सांगितलं होतं, चार बीकर, दोनशे फेरे. त्यानं रात्री कागदावर काढूनच ठेवलं होतं. एक उभा स्क्रू, वर-खाली नेणारी एक मोटर. खाली फिरती तबकडी, तिच्यावर चार बीकर, तिला दुसरी मोटर. वेळ सांगणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी (सर्किट बोर्ड) त्याच्याकडचा आयटीआयचा पोरगा बसवणार.

"हालताना काच थरथरली तर थर बिघडतो," मी म्हटलं.

"किती थरथरल्यालं चालतंय ते सांग. आकडा सांग." ते मला सांगता येईना. सत्तावीस वर्षं मी थर मोजले, हाताचा कंप कधी मोजला नव्हता. मैत्रिणीला तिथूनच फोन लावला. दोघं माझ्या फोनवर वीस मिनिटं बोलत होते. तो विचारत होता वेग, भार, पाण्याची पातळी, आम्लाचा धूर लागेल का, मग पितळ नको, स्टेनलेस वापरू. ती एकेक उत्तर शोधून देत होती. पुढच्या आठवड्यात ती शॉपवर येणार असं ठरलं.

साडेअकराची गाडी मिळाली. मलकापूर सोडून घाटाकडे वळतोय तोवर दादाचा निरोप आला, "काचेची मापं पाठव, चिमटा करायला घेतो." मी डबी उघडली, पिवळी पट्टी न काढता पिशवीतली मोजपट्टी तिच्यावर धरली आणि लिहिलं: लांबी ७५, रुंदी २५, जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. खालून धरायचं नाही, वरच्या १० मिलिमीटरातच पकड हवी.